आयकराचं पोर्टल: पगार चोख ओळखतं, सातबारा कळत नाही

आयकर खात्याचं नवं ई-फायलिंग पोर्टल ७ जून २०२१ ला सुरू झालं तेव्हा पहिले काही महिने त्यानं भल्याभल्यांना रडवलं. आता ते बरंच सुधारलंय. लातूरच्या एखाद्या बँकेत कारकून आहे, पगार आणि एक-दोन एफड्या सोडल्या तर दुसरं उत्पन्न नाही, अशा माणसाचं रिटर्न खरोखर अर्ध्या तासात होतं. त्याच्यासाठी पाचपैकी साडेचार द्यायला हरकत नाही. घोळ सुरू होतो तो पगाराच्या जोडीला सातबारा असलेल्या घरात. मराठवाड्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. जिल्हा परिषदेचा शिक्षक, एसटीचा वाहक, महावितरणचा लाइनमन, पंचायत समितीतला लिपिक, कुणीही घ्या. पगार तालुक्याच्या गावी, जमीन मूळ गावी, ठेव आईच्या नावावर आणि मोंढ्यातली, म्हणजे बाजारातल्या विक्रीची, पट्टी भावाच्या नावावर. अशा घराच्या बाजूनं पाहिलं तर पोर्टलला अडीच. ज्या करधोरणावर ते उभं आहे त्याला त्याहून कमी. का, ते पुढे येतंच आहे. सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या दरांनी काढलेले आहेत.

आधी जे चांगलं आहे ते. पॅन हेच युजर आयडी, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी, आणि आत गेलं की ‘ई-फाईल’मधून रिटर्नचा फॉर्म उघडतो. पगार, टीडीएस (म्हणजे आधीच कापून घेतलेला कर), बँकेचं व्याज, डिव्हिडंड हे सगळं आधीच भरलेलं असतं. पण ते जसंच्या तसं ‘कन्फर्म’ करत सुटू नका. एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांचं खात्याकडे असलेलं पत्रक, आधी उतरवून घ्या. त्याची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन लहान इंग्रजी अक्षरांत आणि त्याला लागूनच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकडी. कापलेल्या कराचं पत्रक असलेल्या फॉर्म २६एएसचा पासवर्ड मात्र नुसती जन्मतारीख. एका खात्याची दोन पत्रकं आणि पासवर्डच्या रीती दोन, हे कुणाला सुचलं कोण जाणे. या पायरीवरच निम्मे लोक नेट कॅफेवाल्याकडे वळतात.

मे महिन्यात घाई करून रिटर्न भरण्यात काही अर्थ नाही. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र भरायची कार्यालयांची मुदत ३१ मे आणि फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कपातीचा दाखला, द्यायची १५ जून. त्याआधी पोर्टलवर दिसणारा पगार बहुधा तीनच तिमाह्यांचा असतो. तोच खरा धरून भरला की पुढे तफावतीची नोटीस ठरलेली. जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा पहिला पंधरवडा हा सगळ्यात बरा काळ. मुदतवाढीवर विसंबू नका. २०२५ मध्ये ३१ जुलैची मुदत आधी १५ सप्टेंबर झाली, मग शेवटच्या क्षणी आणखी एक दिवस मिळाला. दर वर्षी तसं होईलच असं नाही. मुदत चुकली तर ५,००० रुपये विलंब शुल्क, एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. आणि पगारदाराला जुनी, म्हणजे बचत-विम्याच्या वजावटी देणारी, करपद्धत निवडायची असेल तर तो रस्ता मुदतीनंतर बंदच होतो.

ती निवड करण्याची जागा हा या फॉर्मचा सगळ्यात वाईट रकाना. वैयक्तिक माहितीच्या भागात प्रश्न येतो, त्याचा अर्थ एवढाच: तुम्हाला नव्या करपद्धतीतून बाहेर पडायचं आहे का? म्हणजे ‘होय’ म्हटलं की जुनी पद्धत आणि ‘नाही’ म्हटलं की नवी. सरळ ‘जुनी की नवी’ असं विचारायला काय हरकत होती? नवी हवी म्हणून ‘होय’ दाबणारे लोक दर वर्षी सापडतात, आणि शेवटच्या पानावर कर एकदम फुगलेला दिसला की पोर्टल बिघडलं म्हणून ओरडतात. त्यामुळे उत्तर दिल्यावर वजावटीच्या पानावर एकदा नजर टाका. तिथं ८०सी (पीपीएफ, विमा वगैरे बचत), ८०डी (आरोग्य विमा) यांचे रकाने भरता येत असतील तर तुम्ही जुन्या पद्धतीत आहात.

आता शेती. इथं जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, हे गावातल्या पारावर सगळ्यांना पाठ आहे. ते खरंही आहे. पण ते उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचं नाही, हे खोटं आहे. पगारदार ज्या साध्या फॉर्मवर खूश असतो त्या आयटीआर-१ मध्ये शेतीचं उत्पन्न फक्त ५,००० रुपयांपर्यंत चालतं. एक बॅग सोयाबीन पेरणाऱ्याचंही निव्वळ उत्पन्न चांगल्या साली याच्या वर जातं. त्यापुढे आयटीआर-२ घ्यावा लागतो. पोर्टल हे स्वतःहून सांगत नाही, आणि कुठून सांगणार? मोंढ्यातल्या आडतीची पट्टी, सीसीआयला, म्हणजे कापूस महामंडळाला, घातलेला कापूस, कारखान्याचं उसाचं बिल, यातलं काहीच त्याच्याकडे शेती उत्पन्न म्हणून आधी भरलेलं नसतं. पगारातला प्रत्येक रुपया ओळखणारी यंत्रणा इथं कोऱ्या रकान्याकडे बोट दाखवून गप्प बसते.

आयटीआर-२ मध्ये ‘शेड्यूल ईआय’ नावाचं पान आहे. त्यात एकूण विक्री, मग खर्च, मग निव्वळ उत्पन्न लिहायचं. खर्चात बियाणं, खत, फवारणी, मजुरी, मळणीयंत्राचं भाडं, मोंढ्यापर्यंतची वाहतूक, हमाली, तोलाई असं सगळं येतं. निव्वळ आकडा ५ लाखांच्या वर गेला तर जिल्हा आणि पिनकोड, किती एकर, जमीन स्वतःची की ठोक्यानं घेतलेली, बागायत की कोरडवाहू हेही विचारतात. जवळ ठेवायची कागदं: सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद आणि विक्रीच्या पट्ट्या. ई-पीक पाहणीत सोयाबीन आणि पट्ट्या हळदीच्या असा प्रकार असेल तर उद्या विचारणा झाल्यावर उत्तर द्यायला तोंड राहत नाही.

दाखवायचं कुणी, हाही प्रश्न आहेच. जमीन वडिलांच्या नावावर, कसतात वडील आणि पट्टीही त्यांच्याच नावावर, तर ते उत्पन्न वडिलांचं. संभाजीनगरात नोकरी करणाऱ्या मुलानं ते आपल्या रिटर्नमध्ये घुसवायचं कारण नाही. बरेच जण खात्यावर आलेली रोकड ‘शेतीची’ म्हणून दाखवतात आणि सातबाऱ्यावर स्वतःचं नाव नसतं. तिथंच अडकतात. जमीन बटईनं दिली असेल तर मालकाच्या वाट्याला आलेला माल किंवा पैसा हेही शेतीचंच उत्पन्न. उलट दुधाचा धंदा, कुक्कुटपालन, लोकांच्या रानात भाड्यानं फिरणारा ट्रॅक्टर, यांचं उत्पन्न शेतीचं नाही. आणि अलीकडचा प्रकार म्हणजे सौर कृषी वाहिनी योजनेत पॅनेलसाठी दिलेली जमीन. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं म्हटल्यावर माणूस हरखतो, पण त्या जमिनीवर शेती होत नसल्यानं ते भाडं शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही. ते करपात्र आहे.

आता खरी मेख. शेतीच्या उत्पन्नावर थेट कर नसला तरी ते पगारावरच्या कराचा दर चढवतं. हिशोबाची रीत अशी: पगाराचं करपात्र उत्पन्न आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न यांची बेरीज करून तिच्यावर कर काढायचा. मग शेतीचं उत्पन्न अधिक ४ लाख ही नव्या पद्धतीतली मूळ सूट, यांच्या बेरजेवर कर काढून तो पहिल्यातून वजा करायचा.

उदाहरण घ्या. प्रमाणित वजावट ७५,००० जाऊन पगाराचं करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख राहिलं, आणि शेतीचं निव्वळ ३ लाख. बेरीज १५ लाख, तिच्यावर कर १,०५,०००. शेतीचे ३ अधिक सुटीचे ४ मिळून ७ लाख, त्यावर कर १५,०००. फरक ९०,०००. कलम ८७ए खाली १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला मिळणारी करसवलत जास्तीत जास्त ६०,०००. उरले ३०,०००, त्यावर ४ टक्के उपकर १,२००. म्हणजे ३१,२०० रुपये भरायचे. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ ही घोषणा ऐकून निर्धास्त बसलेल्या शिक्षकाला हे ३१,२०० कुठून आले ते समजतच नाही. शेजारच्या टेबलावर तेवढाच पगार घेणारा, पण जमीन नसलेला सहकारी शून्य भरतो.

तसं सगळ्यांनाच हे लागत नाही. पगाराचं करपात्र १० लाख आणि शेतीचं ३ लाख असेल तर कर बरोबर ६०,००० येतो आणि ८७ए च्या सवलतीत पूर्ण जिरतो. ११ लाखांना मात्र १५,६०० भरावे लागतात. म्हणजे मार बसतो तो निवृत्तीला आलेल्या, वरच्या वेतनश्रेणीतल्या माणसाला. कार्यालयानं टीडीएस कापताना शेती विचारातच घेतलेली नसते, त्यामुळे ही रक्कम जुलैत एकदम खिशातून जाते. ती १०,००० किंवा त्याहून जास्त असली तर आगाऊ कर न भरल्याचं व्याजही लागतं, महिन्याला १ टक्का. आता दुसरी बाजू पाहा. रिफंड खात्याकडे अडकला तर खातं आपल्याला देतं महिन्याला अर्धा टक्का, तेही रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर काहीच नाही. घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं वेगळं.

भूसंपादनाचा मावेजा, म्हणजे मोबदला, हा आणखी एक गुंता. समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला, तलाव-कालव्यांसाठी तर मराठवाड्यात वर्षानुवर्षं जमिनी जात आहेत. २०१३ च्या कायद्यानुसार संपादन झालं असेल तर कलम ९६ प्रमाणे मावेज्यावर आयकर नाही, शेतीची जमीन असो वा बिगरशेती. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं (सीबीडीटी) २०१६ च्या परिपत्रक क्रमांक ३६ मध्ये हे स्पष्ट केलंय. तरी टीडीएस कापला गेला असेल तर रिटर्न भरून तो परत मागता येतो. पण कोर्टातून वाढीव मावेजा आला की सोबत वर्षानुवर्षांचं व्याज येतं, आणि ते करपात्र आहे. त्यातली निम्मी रक्कम वजावट म्हणून जाते, निम्म्यावर कर. मूळ रक्कम आणि व्याज यांची फोड असलेला कागद वकिलाकडून किंवा भूसंपादन कार्यालयाकडून मागून घ्या. तो नसला की एआयएसमध्ये दिसणारा सगळा आकडा उत्पन्न धरला जाण्याची भीती असते.

बारा लाखांच्या काठावरच्या पगारदाराचं दुखणं वेगळंच आहे. शेती बाजूला ठेवू. एकूण पगार १२,७५,००० असला तर प्रमाणित वजावट जाऊन १२ लाख, कर शून्य. आता महागाई भत्त्याची थकबाकी ५०,००० आली. करपात्र झालं १२,५०,०००. तक्त्याप्रमाणे कर ६७,५००, पण सीमान्त सवलतीमुळे तो वाढीव उत्पन्नाइतका, म्हणजे ५०,००० वर थांबतो. हे वाचून बरं वाटतं. मात्र उपकर त्याच्या वर लागतो, २,०००. एकूण ५२,०००. म्हणजे थकबाकी आली ५०,००० आणि कर गेला ५२,०००. त्यापेक्षा थकबाकी आलीच नसती तर माणूस २,००० रुपयांनी वर असता. एकूण पगार साडेतेरा लाख झाला तरी कर ७४,१०० होतो, म्हणजे वरच्या ७५,००० पैकी ९०० रुपये हाती. ज्यानं हा तक्ता बसवला त्यानं गावाकडच्या किराणा दुकानात एकदा हिशोब मांडून पाहायला हवा होता.

यावर एक उतारा आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. थकबाकी मागच्या वर्षांची असेल तर कलम ८९ ची सवलत मिळू शकते. त्यासाठी फॉर्म १०ई भरायचा, आणि तो रिटर्नच्या आधी भरायचा. पोर्टलवर ‘ई-फाईल’मध्ये आयकर फॉर्म्सच्या यादीत तो सापडतो. लागणारी माहिती: थकबाकी कोणत्या वर्षाची किती, आणि त्या-त्या वर्षाचं करपात्र उत्पन्न. म्हणजे जुनी रिटर्नं हाताशी हवीत. १०ई न भरता नुसती सवलतीची रक्कम रिटर्नमध्ये टाकली तर बेंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रातून ती उडवली जाते आणि मागणीची नोटीस येते. थकबाकी चालू वर्षाचीच असेल तर मात्र या कलमाचा उपयोग नाही.

फॉर्म १६ आला की आणखी एक ओळ तपासा. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात शासनाचा १४ टक्के वाटा जमा होतो. तो पगारात मिळवलेला असेल तर कलम ८०सीसीडी(२) खाली वजाही झालेला हवा, नव्या पद्धतीतसुद्धा. पगारात मिळवला आणि वजा करायला विसरले, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांवर फुकटचा कर बसतो.

टीडीएस कापला पण २६एएसमध्ये दिसत नाही, ही तक्रार मराठवाड्यात एवढी सर्रास आहे की तिला स्वतंत्र रकाना द्यायला हवा. कारणं बहुधा तीन. तिमाही विवरणपत्र, म्हणजे २४क्यू, भरलेलंच नाही. भरलं पण पॅनचा एक अंक चुकला. किंवा कोषागारातून झालेल्या नोंदीचा क्रमांक जुळला नाही. २६एएसमध्ये प्रत्येक कपातीपुढे एक अक्षर असतं. ‘एफ’ असेल तर पक्की नोंद. ‘यू’ म्हणजे जुळलेली नाही, ‘पी’ म्हणजे तात्पुरती. दिसत नसलेल्या कपातीचं श्रेय रिटर्नमध्ये मागितलं तर यंत्र ते नाकारतं. तेव्हा आधी आहरण व संवितरण अधिकाऱ्याला, म्हणजे कार्यालयातून पगार काढणाऱ्याला, लेखी अर्ज द्या, सोबत बारा महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती जोडा, आणि विवरणपत्रात दुरुस्ती करायला सांगा. अर्जाची पोच घ्या, नुसत्या ‘बघतो सर’वर येऊ नका. विवरणपत्राला उशीर झाला तर कार्यालयाला दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं, हे अर्जात लिहिलं की फाईल जरा हलते. तरीही मागणीची नोटीस आलीच तर कलम २०५ लक्षात ठेवा: पगारातून कापलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. नोटिशीला पोर्टलवरच ‘असहमत’ असं उत्तर देऊन पगारपत्रकं जोडायची.

पोर्टलच्या बाजूनं बोलायचं तर यात त्याचा दोष नाही, चूक कार्यालयाची असते. पण भोगतो कर्मचारी, आणि पोर्टल त्याला कापणाऱ्या कार्यालयाकडे साधी सूचना धाडायचीही सोय नीट देत नाही.

जुनी पद्धत घ्यावी की नवी, यावर दर वर्षी स्टाफरूममध्ये भांडणं होतात. साडेतेरा लाख पगाराचाच हिशोब करू. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी चे दीड लाख, गृहकर्जाचं व्याज २ लाख, आरोग्य विमा २५,००० असं सगळं पूर्ण भरलं. करपात्र राहिलं ९,२२,५००. कर उपकरासह १,००,८८०. नव्या पद्धतीत काहीही न दाखवता ७४,१००. एनपीएसचे जादा ५०,००० टाकले तरी जुनीत ९०,४८० येतात. म्हणजे बहुतेकांना नवीच स्वस्त.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की घर बांधायला कर्ज काढा, विमा उतरवा, पीपीएफमध्ये टाका, असं सरकारनंच सांगितलं होतं. पंधरा-वीस वर्षांचे हप्ते त्या भरवशावर बांधले गेले. आता हप्ते तसेच चालू आहेत आणि त्यांची कराच्या हिशोबातली किंमत शून्य झाली. व्यवसाय कराचं तर हसूच येतं. राज्य शासन वर्षाला २,५०० कापतं, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, आणि केंद्राच्या नव्या पद्धतीत त्याची वजावटच नाही. म्हणजे कर म्हणून गेलेल्या पैशावर पुन्हा कर.

जुनी पद्धत ज्यांना खरंच परवडते ते म्हणजे मोठं घरभाडं भरणारे. पण २०२५ पासून फॉर्म खोलात जातो: नोकरीचं ठिकाण, मिळालेला घरभाडे भत्ता, भरलेलं भाडं, विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक, सगळं मागतो. खेड्यातल्या शिक्षकाची इथं पंचाईत आहे. भत्त्यासाठी मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावी, राहतो म्हणून ग्रामसभेचा ठराव दिलेला, आणि भाडेपावती तालुक्याच्या गावची. दोन सरकारी कागदांवर दोन पत्ते. वर्षाला लाखाच्या वर भाडं असेल तर घरमालकाचा पॅन कार्यालयाला द्यावा लागतो, आणि घरमालक तो देत नाही.

याच कोंडीतून टक्केवारीवाले उगवलेत. ‘कापलेला सगळा टॅक्स परत काढून देतो, मला त्यातले अमुक टक्के द्या’ अशी भाषा. ते करतात एवढंच की खोटी वजावट टाकतात: राजकीय पक्षाला देणगी, अपंगत्व, शैक्षणिक कर्जाचं व्याज. रिफंड खात्यावर येतोही. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्यानं देशभरात १५० ठिकाणी अशा लोकांवर तपासणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचं खात्यानं तेव्हाच सांगितलं. पकडलं गेलं तर चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, आणि तो भरायचा पॅनवाल्यानं. एजंटानं त्याचा मोबाईल नंबर आणि ईमेल तुमच्या प्रोफाईलमध्ये टाकलेला असतो, त्यामुळे नोटीसही त्यालाच जाते. रिटर्न दुसऱ्याकडून भरून घ्या हवं तर, पण प्रोफाईलमध्ये नंबर स्वतःचाच आहे ना ते लॉगिन करून बघा.

आईच्या ठेवीचं थोडक्यात. एप्रिल २०२५ पासून बँकेच्या व्याजावर टीडीएसची मर्यादा ज्येष्ठांना वर्षाला १ लाख आणि बाकीच्यांना ५०,००० आहे. पॅन दिलेला नसेल तर १० ऐवजी २० टक्के कापतात. जोडखात्यात ज्याचं नाव पहिलं त्याच्या पॅनवर व्याज चढतं, म्हणून आईच्या पैशाच्या ठेवीवर मुलानं पहिलं नाव लावू नये. पतसंस्थेचं व्याज एआयएसमध्ये बहुतेक वेळा दिसत नाही, पण ते दाखवणं चुकत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन ‘इतर स्रोत’ या पानावर लिहायचं, पगारात नाही. नव्या पद्धतीत त्यातून एक तृतीयांश किंवा २५,००० यांतली कमी रक्कम वजा होते.

शून्य कराचं रिटर्न भरलं तर पीएम किसान किंवा लाडकी बहीण बंद होईल, या भीतीनं बरेच जण रिटर्नच भरत नाहीत. पीएम किसानचा निकष मागच्या करनिर्धारण वर्षात आयकर भरलेला असण्याचा आहे, नुसतं रिटर्न भरण्याचा नाही. ज्यांनी कर भरलाय त्यांनी मात्र वर्षाचे ६,००० घेऊ नयेत, ते वसूल झाल्याची उदाहरणं आहेत. लाडकी बहीण योजनेत घरात कुणी आयकरदाता असला किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर असलं तर पात्रताच नाही.

रिटर्नमध्ये न दिसणारा करही घराला पडतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीत खरा दिलासा मिळाला हे मान्य करायला हवं. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्के, ट्रॅक्टर आणि ठिबक १२ वरून ५, सिमेंट २८ वरून १८. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर गेला, म्हणजे २५,००० च्या मूळ हप्त्यावर ४,५०० वाचले. मात्र कीटकनाशकं अजून १८ टक्क्यांवर आहेत आणि पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर. फवारणी आणि डिझेल हेच ज्या घराचे मोठे खर्च, त्याला टूथपेस्टच्या स्वस्ताईचं कौतुक किती असणार.

शेवटची पायरी बरेच जण विसरतात. ‘सबमिट’ दाबलं म्हणजे रिटर्न भरलं असं होत नाही, ३० दिवसांत ई-पडताळणी करावी लागते. आधारच्या ओटीपीनं मिनिटात होते. मोबाईल आधारला जोडलेला नसेल तर नेट बँकिंगनं, नाहीतर सही केलेलं आयटीआर-व्ही, म्हणजे रिटर्नची पोच, बेंगळुरूच्या केंद्राला स्पीड पोस्टानं. ३० दिवस उलटले की पडताळणीची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात, आणि ती मुदतीनंतरची असेल तर विलंब शुल्क लागतं. रिफंड असेल तर बँक खातं पोर्टलवर आधीच ‘प्रीव्हॅलिडेट’, म्हणजे पडताळून, ठेवा, खात्यावरचं आणि पॅनवरचं नाव सारखं हवं. ‘बाई’, ‘राव’ एका ठिकाणी असतं आणि दुसऱ्या ठिकाणी नसतं, तिथं पडताळणी अडते. १ मे २०२५ ला ग्रामीण बँकांचं विलीनीकरण झालं, त्यात तुमच्या शाखेचा आयएफएससी बदललेला असेल तर जुनं खातं काढून नव्या कोडानं पुन्हा टाका. रिफंड परत गेलाच तर पोर्टलवर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘रिफंड रिइश्यू’ची विनंती टाकायची असते. ती टाकल्याशिवाय पैसे पुन्हा आपोआप येत नाहीत.